पानामागे

मी पानामागे नव्वद पौंड घेतो.
आधीच सांगितलेलं बरं,
कारण पुढे जे झालं त्यात खोट माझीच.

ब्लायनाय फेस्टिन्योग. वेल्सचा डोंगर इथे
जितका आतून पोखरला तितकाच बाहेर रचून ठेवलाय,
पाटीच्या दगडाचे निळसर काळे ढीग,
आणि ढिगांच्या पायथ्याशी इद्वल प्रोबर्टचं आवार.
तो पाट्या कोरतो.
घरांच्या, बाकांच्या, आणि थडग्यांच्या.

त्याच्या मुलीने, मेरेरिदने,
वीजबिलाच्या पाठीवर यादी केली होती:
मुखपान, आमच्याविषयी, घरपाट्या,
चीजची तबकं आणि बश्या, स्मृतिशिला, दर, संपर्क.
सात. वेल्शमध्ये पुन्हा सात.
मी मनातल्या मनात गुणाकार केला
आणि चहाबरोबर गिळून टाकला.

इद्वल म्हणाला, एक पान.
छिन्नी न थांबवता म्हणाला.
अख्खा माणूस मी एका पाटीवर बसवतो.
नाव, दोन तारखा, फार तर एक ओळ.
अक्षरामागे पैसे पडतात म्हटलं
की लोकांना बरोबर सुचतं काय गाळायचं.

बाबा, लोक शोधत येतात, मेरेरिद म्हणाली.
कुणाला घराचं नाव हवं, कुणाला लग्नाची भेट.
सगळं एकाच पानावर कोंबलं
तर त्या गूगलला काय कळणार आपण कोण आहोत ते?

मला तरी कुठे कळलंय, तो म्हणाला.

मी एक लांबच लांब पान करून नेलं,
मोबाइलवर, अंगठ्याने सरकवत जायचं.
त्याचा अंगठा राखाडी, सालं निघालेला,
काच त्याला ओळखेचना, दोनदा पुसावा लागला.
मग सरकलं.
घरपाट्या. तबकावर द्राक्षं.
मेंढ्या कोरलेल्या बश्या, चाराचा संच.
आणि बश्यांच्या खाली लगेच
एक छोटी शिला, जिच्यावरच्या दोन तारखांत
अकरा दिवसांचं अंतर.

अंगठा थांबला. वर गेला, मेंढ्यांपर्यंत.
खाली आला.
पुन्हा वर.

त्याने मोबाइल दगडावर पालथा ठेवला
आणि मला आवाराच्या डाव्या अंगाला नेलं.
तिथे भिंतीत एक फाटक होतं, बुटकं, बिनरंगाचं.
हे मी चौऱ्याऐंशी साली पाडलं, म्हणाला.
त्याआधी सगळे पुढच्या दुकानातूनच यायचे.
मार्गेड आली तेव्हा माझे हात गुंतलेले होते.
बश्यांपाशी उभी राहिली ती, पाऊण तास.
उगाच उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून
एक उचलून किंमत विचारली.
आणि घेतली.
नवऱ्याचं नाव कोरायला आलेली बाई
मेंढीची बशी घेऊन घरी गेली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
क्रेनच्या साखळीवरून पावसाचं पाणी गळत होतं,
तिकडे ते कधीच थांबत नाही, कुणी त्याची दखलही घेत नाही.

दोन पानं, मेरेरिद म्हणाली शेवटी.
एकातून दुसरं दिसायला नको.
पुढच्या पानावर दर, फोटो, द्राक्षं, काय हवं ते.
दुसऱ्यावर नुसता फोन नंबर,
आणि लिहा की डावीकडचं फाटक उघडंच असतं.
दर?
दर नाही. तो बाबा तोंडाने सांगतील,
आणि निम्मा सांगतील, मला ठाऊक आहे.

दोन्ही भाषांत मिळून चार, मी म्हणालो.
पुढचं पान आधी इंग्रजीत चालेल, गिऱ्हाईक बाहेरचं.
फाटकाचं मात्र वेल्शमध्येच आधी.
हे कुणी सुचवलं आठवत नाही. कदाचित मीच.

चौदाची चार झाली.
तीनशे साठ पौंडांपैकी साठ त्याने दगडात फेडले.
माझ्या घराचा नंबर अकरा.
त्याने दोन उभ्या रेघा कोरल्या,
मध्ये बोटभर कोरी पाटी सोडली.

आकड्याचे पैसे धरलेत, म्हणाला.
मधल्या जागेचे मी घेत नाही.